फिक्या तेलाची बदनामी

१० ऑक्टोबर, शुक्रवार. एक्झॉस्टच्या पंख्याची जाळी काढून मी सिंकमध्ये गरम पाण्यात बुडवली होती आणि वर मूठभर धुण्याचा सोडा टाकला होता. दिवाळीच्या आधी हे काम मी स्वतः करते. कामाला येणारी बाई जाळी पुसते. जाळी पुसायची नसते, तिच्यावरच्या तेलाचा आधी साबण होऊ द्यायचा असतो. वर्षभर कढईतून उडालेलं तेल त्या तारांवर बसतं आणि हवा खाऊन आधी पिवळं, मग तपकिरी, शेवटी डिंकासारखं होतं. तेल कितीही महाग आणि कितीही शुद्ध असो, शेवटी ते याच वाटेने जातं.

मी ओमानमध्ये, मस्कतबाहेर बरका गावाच्या पुढे एका खाद्यतेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. कच्चं तेल जहाजाने येतं, आम्ही ते साफ करतो, दुसरे लोक ते बाटल्यांत भरतात. कुठल्याही हळदीकुंकवात हे सांगितलं की समोरची बाई म्हणते, "अय्या, म्हणजे रिफाइंड?" 'अय्या, म्हणजे घटस्फोट?' असं ज्या सुरात विचारतात, अगदी त्याच सुरात. मग आवाज खाली आणून विचारते, "खरं सांगा, त्यात काय काय घालतात?" काय काय काढतात, असं आजवर एकीनेही विचारलेलं नाही.

तर जाळी भिजत होती आणि दारावरची बेल वाजली. आमच्या इमारतीखालचे गिरणीवाले भाई दळणाची पिशवी घेऊन उभे होते. मूळचे रत्नागिरीकडचे. मस्कतच्या आमच्या वादी कबीर भागातल्या बऱ्याच मराठी घरांचा गहू आणि ज्वारी त्यांच्याकडे दळली जाते. माणूस कामाला चोख, बोलायला अघळपघळ, आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीपासूनच माहीत होती असं सांगणारा. त्या दिवशी मात्र पिशवीबरोबर हातात तेलाची बाटली होती आणि चेहरा पडलेला होता.

"ताई, परत पाठवली," ते म्हणाले.

"कोणी?"

"तुमच्या मंडळाच्या बाईंनी. बोलल्या, भाई, आम्ही घाण्याचं मागितलं, तुम्ही रिफाइंड दिलंत. माझ्या तोंडावर बोलल्या! दुकानात गिऱ्हाईक उभं होतं."

भाईंनी उन्हाळ्यात गिरणीच्या कोपऱ्यात तेल काढायचं छोटं यंत्र बसवलं होतं. वरून दाणे घालायचे, आतला स्क्रू ते दाबतो, एका बाजूने तेल पडतं, दुसऱ्या बाजूने पेंड. जागा अर्बाबची, म्हणजे गिरणीच्या ओमानी मालकाची. त्याने भाईंना स्पष्ट सांगून ठेवलं होतं: दिवाळी झाली तरी यंत्र असंच बसून राहिलं तर ते बाहेर काढायचं आणि त्या कोपऱ्यात चहाचा काउंटर टाकायचा. भाईंना चहा विकायचा नव्हता. "मी पीठ-तेलवाला माणूस," ते म्हणायचे, "या वयात कागदी कपात चहा ओतू काय?" आणि दिवाळीचं मोठं गिऱ्हाईक एकच, आमचं मराठी मंडळ. आमच्याकडे दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सभागृहाच्या स्वयंपाकघरात सगळ्याजणी जमून फराळ तळतात आणि डबे भरून घरी नेतात. या वर्षी अध्यक्षबाईंनी जाहीर केलं होतं की तळण घाण्याच्या तेलातच होणार. थोडक्यात, भाईंच्या यंत्राचं भवितव्य त्या कढईत होतं.

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तेल फिकं, गव्हाच्या काडीपेक्षा जरासं पिवळं. झाकण काढून वास घेतला. कच्च्या शेंगेचा, ओलसर, अगदी मंद. बोटावर घेऊन चाखलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "शेंगदाण्याचं तेल असंच असतं."

"तेच मी बोललो! तर बोलल्या, असं कसं, हे तर पाण्यासारखं." त्यांनी खिशातून औषधाची धुतलेली छोटी बाटली काढली. "आणि हे बघा. याला घाण्याचं बोलतात. त्यांच्याकडूनच मागून आणलं."

त्या बाटलीत झेंडू होता. इतका केशरी-पिवळा रंग की बोटाला लागला तर हळदीसारखा डाग पडेल. किनाऱ्यावरच्या सहम गावाकडून गाडीच्या डिकीत डबे घालून एक गृहस्थ मस्कतला येत असे. आपल्याच शेतातल्या भुईमुगाचं, आपल्याच लाकडी घाण्यावरचं तेल, असं तो सांगे. सहमच्या बागांतून मी अनेकदा गेले आहे. लिंबं पाहिली, खजूर पाहिले, केळी पाहिली. भुईमूग काही दिसला नाही. पण ते तेल विकत घेणाऱ्यांनी सहमही पाहिलं नव्हतं आणि भुईमूगही.

इथे मला थोडं मास्तरकीचं बोलावं लागेल, त्याला इलाज नाही. तेलाचा रंग तेलाचा नसतो. बीमधून तेलाबरोबर जे पाहुणे येतात त्यांचा असतो. कोवळ्या, अर्धवट पिकलेल्या बीमधून पानांतला हिरवा रंग येतो. पामच्या फळातून गाजरातला केशरी रंग येतो, आणि तो इतका की कच्चं पाम तेल टोमॅटोच्या सारासारखं दिसतं. शेंगदाण्यात यातलं फारसं काहीच नसतं, म्हणून त्याचं तेल जन्मतःच फिकं.

कारखान्यात आम्ही या पाहुण्यांना एकेक करून दाराबाहेर काढतो. आधी पाणी आणि थोडं आम्ल घालून चिकट भाग वेगळा करायचा. मग कॉस्टिक सोडा, त्याने तेलातल्या आम्लाचा साबण होतो आणि खाली बसताना तो थोडा रंगही ओढून नेतो. मग खरी कामाची वस्तू, माती. साधीच, पण आम्लात धुऊन भुकेली केलेली. तेल गरम करून, हवा काढून घेऊन त्यात ही माती घोळवली की रंग तिच्या अंगाला चिकटतो. हिरवा रंग सगळ्यात हट्टी. तो या पायरीला गेला नाही तर पुढे जातच नाही. माती गाळून टाकली की शेवटी प्रचंड उष्णतेत तेलातून वाफ सोडायची, म्हणजे वास जातो, आणि त्याच उष्णतेत केशरी रंगाचा उरलासुरला अंश मोडून पडतो. लाल पाम आत जातं आणि फिकं होऊन बाहेर येतं. या सगळ्यात काही चांगलंही निघून जातं. गाजरातला तो रंग डोळ्यांना उपयोगी, तो आम्ही जाळतो. मी कारखान्याची वकील नाही.

मूर्खपणा फक्त गिऱ्हाइकांकडे असतो असंही नाही. आमचे विक्रीचे साहेब दर महिन्याला प्रयोगशाळेत येतात आणि दुसऱ्या कंपनीची बाटली टेबलावर ठेवून म्हणतात, "मॅडम, यांचं बघा कसं काचेसारखं आहे, आपलं का नाही?" आम्ही आणखी माती घालतो. तेच साहेब दुसऱ्या देशाच्या ऑर्डरीसाठी येतात आणि म्हणतात, "तिकडे सोनेरी चालतं, थोडा रंग घालता येईल का?" मग जो रंग मातीने काढला तोच डब्यातून विकत आणून घालायचा. या सगळ्याला ते बाजाराची समज म्हणतात.

भाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "तुमचं तेल खरं आहे. दुसऱ्यात पाम दिसतंय. साफ केलेलं फिकं कुठलंतरी तेल, त्यात थोडं लाल पाम. रविवारी कामावर गेले की बघते."

"मला माहीतच होतं," भाई लगेच म्हणाले.

रविवारी मी दोन्ही नमुने रंग मोजायच्या यंत्राखाली धरले. काचेच्या नळीत तेल घालायचं आणि शेजारी लाल-पिवळ्या काचा सरकवत रंग जुळवायचा, एवढंच काम. भाईंच्या तेलाला लाल काच जवळजवळ लागलीच नाही. सहमवाल्याच्या तेलाला लाल काचा घालता घालता मी कंटाळले. कुठलंही शेंगदाण्याचं तेल, कितीही भक्तिभावाने दाबलं तरी, इतकं लाल येत नाही.

संध्याकाळी अध्यक्षबाईंना फोन केला. बाई पुण्याच्या, नवरा मोठ्या हुद्द्यावर, घरात सगळं 'नॅचरल'. मीठ गुलाबी, साखर काळी, तांदूळ तपकिरी. पांढरं फक्त सोफ्याचं कव्हर.

"वहिनी," मी म्हटलं, "ते पिवळं तेल शेंगदाण्याचं नाही. मी तपासलंय. भाईंचं आहे ते खरं."

"अगं, पण डोळ्यांना दिसतंय ना! ॲक्च्युअली मी काही केमिस्ट नाही, पण लहानपणापासून घाण्याचं तेल बघितलंय. पिवळंधमक असायचं."

"ते करडईचं असेल. नाहीतर मोहरीचं."

"तेच ते. तेल ते तेल. आणि राग मानू नकोस हं, पण तुझी सगळी नोकरी रंग काढण्यात गेली. तुला पिवळं तेल आवडणार कसं?"

फोन ठेवला तेव्हा नवरा पेपरमागून म्हणाला, "काय म्हणतात मंडळाच्या महाराणी?"

"माझ्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांना जास्त केमिस्ट्री येते म्हणतात."

"मग सोड की. तळू देत पाममध्ये. आपण बाहेरचं पाममध्येच तळलेलं खातो ना?"

बरोबर होतं त्याचं. पाम काही विष नाही. मीच ते टनांनी साफ करते. पण पामला शेंगदाणा म्हणून विकणं ही लबाडी आहे, आणि शेंगदाण्याला लबाड ठरवून ती विकणं हा निर्लज्जपणा आहे. मुख्य म्हणजे, यात फटका कोणाला बसणार होता, तर ज्याने खरं तेल काढलं त्यालाच.

आठवड्याच्या मध्ये एके दिवशी मी कामावरून येताना गिरणीत गेले. यंत्र गप्प होतं आणि त्याच्यावर पिठाचा पातळ थर बसला होता. भाई काउंटरखालून काहीतरी काढून परत ठेवत होते, म्हणून मी वाकून पाहिलं. रुवीच्या बाजारातल्या कुठल्याशा दुकानातून आणलेली लाल पामची बाटली.

"हे काय?"

"ताई, तुम्ही हिशोबी माणूस, तुम्हाला सांगतो. मोठ्या डब्यात चमचाभर. चमचाभरच. रंग येतो झकास. टाकून बघितलं मी, फेकून दिलं, विकलं नाय. पण कोणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुम्ही मोजाल तर कळेल. तुम्ही कशाला मोजाल?"

"कारण पुढच्या वेळी कोणी तुमचं तेल माझ्याकडे आणलं आणि विचारलं, तर मला खोटं बोलायचं नाही. मग तुम्ही आणि तो डिकीवाला, दोघंही एकाच यादीत."

भाई चिडले. "तुमचं बरं आहे, तुमची नोकरी पक्की. अर्बाब काल येऊन कोपरा टेपने मोजून गेला. टेपने! बोलला, दिवाळी खलास, मशीन खलास. मला खरं बोलून काय मिळालं? परत आलेल्या बाटल्या."

मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांबा. मी मंडळात सगळ्यांसमोर दाखवते. पाच मिनिटांचं काम आहे."

तो माझा अतिविश्वास होता. आयुष्यभर यंत्रांबरोबर काम केलेल्या बाईला वाटतं की डोळ्यांसमोर घडलं म्हणजे लोकांना पटलं.

शुक्रवारी सभागृहाच्या स्वयंपाकघरात बायकांची झुंबड होती. एकीकडे चकलीचे सोरे, एकीकडे शंकरपाळ्यांच्या पोळ्या कापायचं काम, आणि मध्ये अध्यक्षबाई रेशमी साडीवर ॲप्रन बांधून, कशालाही हात न लावता. माझ्या शब्दावर भाई तेलाचे डबे घेऊन आले होते. बायकांची गर्दी पाहून दारातच उभे राहिले. सहमवाल्याचे डबे आधीच ओट्यावर मांडलेले होते, सगळ्यांत पुढे.

"वहिनी, तळण सुरू करायच्या आधी एक गोष्ट दाखवू?" मी विचारलं.

"दाखव ना! बायकांनो, आपल्या केमिस्ट काहीतरी दाखवणार आहेत. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मी दोन सारख्या लहान कढया घेतल्या. एकीत भाईंचं तेल, दुसरीत ते झेंडूचं. दोन्ही शेगड्या मोठ्या केल्या. कोणीतरी म्हणालं, आता मॅडम भजी तळणार. मी सांगितलं की शेंगदाण्याचं तेल तापवलं तर त्याचा रंग आहे तसाच राहील, झाला तर थोडा गडद होईल. पण पामचा केशरी रंग उष्णतेत टिकत नाही. कारखान्यात आम्ही तो असाच मोडतो. बघत राहा.

दोन्ही कढयांतून धूर यायला लागला. मी शेगडी तशीच ठेवली. दोघी-तिघी खोकल्या, एकीने खिडकी उघडली, दुसरी म्हणाली, "अगं बाई, घर पेटवतेय का ही?" मी जागची हलले नाही. आणि मग ते झालं. दुसऱ्या कढईतला केशरी रंग कडेपासून आत ओसरत गेला, सोनेरी झाला, मग फिका, आणि शेवटी भाईंच्या तेलापेक्षाही फिका. मी दोन्ही शेगड्या बंद केल्या. थंड झाल्यावर दोन वाट्यांत तेल काढून शेजारी शेजारी ठेवलं.

"अय्या! पांढरं झालं!"

"रंग गेला की!"

मी म्हटलं, "गेला. कारण तो वरून घातलेला होता. हे शेंगदाण्याचं तेल नाही."

मला वाटलं, झालं काम. मग अध्यक्षबाई पुढे आल्या, वाटीत वाकून पाहिलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाल्या, "म्हणजे तापवल्यावर त्यातला सगळा मळ जळून गेला! लोणी कढवल्यावर तूप कसं नितळ होतं, तसं. घाण्याचं तेल आहे ना, नैसर्गिकच आहे ते. बघा, आपोआप शुद्ध झालं."

"वहिनी, मळ नव्हता तो..."

"आणि या दुसऱ्याला बघा, एवढं तापवलं तरी आहे तसंच. केमिकल असणार काहीतरी, म्हणून जळतच नाही."

बायका माना डोलावू लागल्या. एक जाडजूड बाई, जिच्या घरी मी दोनदा जेवले आहे, तिने भाईंच्या वाटीचा वास घेतला आणि निकाल दिला, "आणि याला वास तरी कुठे आहे? घाण्याच्या तेलाचा कसा, गल्लीभर वास यायला हवा."

मी तिथे उभी राहिले आणि मला हसू आलं. ज्या कारखान्याची माती आणि वाफ या बायकांना विषासारखी वाटते, तेच काम मी त्यांच्यासमोर कढईत करून दाखवलं होतं, आणि त्यांनी त्याला शुद्धी म्हणून हळदकुंकू वाहिलं होतं. सगळा दोष अडाणीपणाला देता येत नाही. त्यांतल्या दोघी इंजिनियर, एक दातांची डॉक्टर. पैसे मोजून विकत घेतलेला विश्वास कोणाला सोडवत नाही, एवढंच. आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा कढईत चमत्कार झाला हे मान्य करणं स्वस्त पडतं.

तळण सहमवाल्याच्या तेलात सुरू झालं. चकल्या छान झाल्या. चकलीला काय, चांगल्या पामचं आणि तिचं उत्तम जमतं. मी माझ्या वाट्याचे शंकरपाळे कापून दिले, हात धुतले आणि निघाले.

भाई बाहेर त्यांच्या पिकअपजवळ डबे चढवत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ऐकलंत ना ताई? तुमचं खरं खोटं सगळं झालं. आता मला सांगू नका. उद्या सकाळी डबा उघडतो आणि लाल टाकतो. त्यांना रंग पायजे, देतो. वास पायजे, तोपण कुठूनतरी आणतो. बाटलीत मिळत असेल."

मी गाडीला टेकून उभी राहिले. सभागृहाच्या पायऱ्यांवर ऊन तापत होतं. माझ्या डोक्यात त्या जाड बाईचं वाक्य फिरत होतं. रंग आणि वास. दोन्ही हवेत, आणि बाहेरून घालायचं नाही. नोकरीत मी या दोन गोष्टी फक्त काढायला शिकले होते. पण कारखान्यात एक तेल असं येतं की ज्याला आमचे लोक शिव्या घालतात. बी दाबायच्या आधी कुठेतरी जास्त तापलेलं असतं, आणि त्या तेलाला तांबूस-तपकिरी रंग असतो. तो पाहुणा नसतो. बीमधली साखर आणि प्रथिनं एकमेकांत भाजून तो तयार झालेला असतो, पावाच्या कडेसारखा, परतलेल्या कांद्यासारखा. तो मातीला दाद देत नाही, वाफेला दाद देत नाही. त्या तेलाला वासही असतो. साहेब अशा मालाला 'बिघडलेला लॉट' म्हणतात.

"भाई," मी म्हटलं, "तुम्ही दाणे कच्चेच दाबता ना?"

"मग? कच्चेच. थंड. बाहेर फळ्यावर तेच लिवलंय, 'कच्च्या दाण्याचं शुद्ध थंड तेल'. मशीन विकणाऱ्याने सांगितलं, थंड बोला, लोक मरतात थंडवर."

"फळा पुसा. दाणे भाजून दाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातली गाय विकायला सांगितली आहे. "भाजून? मग शुद्ध कसलं राहिलं? जाळून टाकलं बोलतील."

"जाळायचे नाहीत, भाजायचे. रंग दाण्याचाच, वास दाण्याचाच. तुमच्या हाताने काही घातलं नाही. कोणी तापवलं तर रंग जायचा नाही, उलट वाढेल. मी मोजलं तरी खरंच निघेल. आणि एक गोष्ट, 'थंड' लिहायचं नाही, 'कच्चं' लिहायचं नाही. ती लाल बाटली मला द्यायची. मंजूर असेल तर उद्या सुट्टी आहे, मी सकाळी येते. नाही तर चहाचा काउंटर लावा."

भाई बराच वेळ डबे इकडचे तिकडे करत राहिले. मग गाडीत बसून, दार ओढून घेताना म्हणाले, "मला पण तेच वाटत होतं, भाजूनच बघावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडायच्या आधी खाली उतरले. भाईंकडे मसाल्यासाठी भाजायचा फिरता ड्रम होताच. तो मी आतून दोनदा पुसला, नाहीतर तेलाला मिरचीचा ठसका आला असता. पहिला घाणा जास्त झाला. साल काळी पडली, दाणा आतून कॉफीसारखा निघाला. भाई म्हणाले, "चालेल, गडद आहे." मी तो कचऱ्यात ओतला. कडू तेलाला कितीही रंग असला तरी ते कडूच. दुसऱ्या वेळी ज्योत कमी ठेवली, दर थोड्या वेळाने एक दाणा काढून फोडून पाहिला, आणि आतून तो बदामी झाल्याबरोबर ड्रम थांबवला. परातीत पसरून पंखा लावला. थंड झाल्यावर साल चोळून पाखडली आणि दाणे यंत्रात घातले.

तेल येताना गढूळ येतं. भाईंना लगेच बाटल्या भरायच्या होत्या, मी हात धरला. काचेच्या बरणीत ते बसू दिलं. वरचा भाग हळूहळू नितळला. तांबूस, पातळ मधासारखा. वासाचं काय सांगू, इमारतीच्या दोन मजल्यांवरून माणसं खिडकीतून डोकावली. दळणाच्या रांगेतल्या बायका आत येऊन विचारू लागल्या, "काय भाजताय?" भाई प्रत्येकीला सांगत होते की ही पद्धत त्यांना आधीपासून माहीत होती.

अर्बाब आला तोही या वासावरच. टेप हातात होतीच. बरणीकडे त्याने जेमतेम पाहिलं. काउंटरवरचा कालचा खुबूस, म्हणजे अरबी रोटी, तोडला, तेलात बुडवला, मीठ मागितलं, खाल्लं. परत बुडवला. मग भाईंना अरबीत काहीतरी म्हणाला आणि टेप खिशात टाकून गेला.

"काय म्हणाला?"

"बोलला, एक बरणी घरी पाठव. मशीन रमजानपर्यंत राहू दे, मग बघू, इन्शाल्ला."

रमजानपर्यंत म्हणजे कायमचं नव्हे. पण टेप खिशात गेली होती.

भाईंनी लाल पामची बाटली काउंटरखालून काढून माझ्या पिशवीत ठेवली. मग बाहेरचा फळा आत आणला, खडू उचलला आणि म्हणाले, "'शुद्ध' तरी लिवू ना, ताई? शुद्ध तर आहेच."

"नको. तो शब्द मंडळाला राहू दे."

मी ओल्या फडक्याने फळा पुसला, खडू त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: भाजलेल्या शेंगदाण्यांचं तेल. खाली बारीक: रंग भाजल्याचा आहे, दुसरं काही घातलेलं नाही. फळा दाराशी नेऊन उभा केला, माझी बाटली भरून घेतली, पैसे दिले आणि वर आले.